अंड्यात भात कुणी कालवला?

१

“माणूस खोटं बोलतो. आरसा खोटं बोलतो. पंचनाम्यावर सह्या करणारे पंच तर सर्रास खोटं बोलतात. पण बाळांनो, परीक्षानळी आजवर कधी खोटं बोललेली नाही, आणि जोवर हा कमळाकर विशे या लॅबमध्ये उभा आहे तोवर ती बोलणारही नाही!”

एवढं बोलून विशे सरांनी एप्रनचं टोक धरून परीक्षानळी बाहेरून पुसली, मग तेच टोक पेन्सिलीने आत सारून आतूनही चकचकीत केली. ओली नळी म्हणजे आंघोळ करून अंग न पुसता पंगतीला बसलेला पाहुणा, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराने ओल्या नळीत प्रयोग करायचं धाडस केलेलं नव्हतं.

पुसलेल्या नळीत सरांनी अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून ओतला आणि नळी अशी उंच धरली, की जणू दहीहंडीच फोडायची आहे.

“यात काय आहे? निव्वळ प्रथिनं. स्टार्चचा कणही नाही. मग यात आयोडीन टाकलं तर रंग कुठला?”

“पिवळट तपकिरीच राहील, सर!” बारावी सायन्सचा अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. उद्या बोर्डाचं प्रॅक्टिकल होतं, त्यामुळे सूर बरा लागला होता.

सरांनी आयोडीनचा थेंब सोडला.

नळी निळीकाळी झाली.

आयोडीन असं निळंकाळं होतं ते फक्त स्टार्च भेटला की. भातात, भाकरीत, बटाट्यात. अंड्यात नाही. हे दहावीच्या पोरालाही ठाऊक असतं, आणि सरांनी तर ते शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. लॅबमध्ये अशी शांतता पसरली की मागच्या बाकावरचा अभ्यासू मुलगासुद्धा जागा झाला.

“सर,” पुढच्या बाकावरची दिशा म्हणाली, “कोंबडीनं भात खाल्ला असंल.”

कुणी हसलं नाही. कारण तोवर प्रत्येकाने आपापल्या नळीत थेंब टाकून पाहिला होता आणि टेबलाटेबलावर नळ्या निळ्या पडत चालल्या होत्या. शेंगदाणा तेलाची नळी निळी. दुसऱ्या अंड्याची निळी. शेवटी सरांनी एक नळी पुसून तिच्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि थेंब सोडला.

पाणीसुद्धा निळं झालं.

“घातपात!” सर कुजबुजले. आणि मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या, खिडकीजवळच्या टेबलावर गेली. तिथे एकच नळी, सगळ्या वर्गात एकच, आयोडीन टाकूनही साध्या चहासारखी पिवळट तपकिरी होती.

ते टेबल प्रणितचं होतं.

२

शहापूरहून शेणव्याकडे जाताना लागणाऱ्या या शाळेच्या लॅबची कुणी तारीफ केलेली नाही, पण विशे सरांना ती प्रयोगशाळा नव्हे, देव्हारा वाटे. गेल्या वर्षी मुरबाडहून आलेले बाहेरचे परीक्षक पोरांचे चुरगळलेले एप्रन बघून म्हणाले होते, “विशे, ही मुलं आहेत की भाताची पोती?” ते वाक्य सरांना इतकं लागलं होतं की यंदा त्यांनी शाळेच्या कपाटातले सगळे सुती एप्रन धुऊन, कडक करून आणवले होते. आता ते एप्रन चालताना वाजत, बसताना कुरकुरत, आणि खुंटीवर टांगले तर खुंटीच त्यांना टेकून उभी असल्यासारखी वाटे. प्रणितला मात्र तो कडक एप्रन मानवला नव्हता. “मान कापते, सर,” म्हणून तो आपलाच, वडिलांनी कल्याणहून आणलेला, पावसाळी छत्रीसारखा सुळसुळीत एप्रन घालून आला होता. सरांना ते तेव्हाच खटकलं होतं. आता तर सगळंच खटकलं.

“इकडे ये,” सर म्हणाले. “अख्ख्या वाडीला आग लागली आणि एकाचंच घर शाबूत राहिलं, तर काडेपेटी कुणाच्या खिशात शोधायची?”

“मी नाय केलं, सर.”

“मधल्या सुट्टीत लॅबमध्ये तू एकटा होतास. लॅबच्या कोंडूने पाहिलंय. काय करत होतास?”

“काय नाय, सर.”

“काय नाय करायला कुणी लॅबमध्ये येतं? काय नाय करायला स्टाफरूम आहे! हात दाखव.”

प्रणितने हात पुढे केले. उजव्या हाताची बोटं टोकाला तपकिरी झाली होती.

वर्गातून एक लांबलचक “आँ” निघाला. सरांनी त्यातलं एक बोट आयोडीनच्या बाटलीवरच्या डागाशेजारी धरलं. रंग भावाभावासारखा जुळला.

“आयोडीन!” सर म्हणाले. आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं, हे त्यांचं त्यांना जाणवलं आणि त्यांनी घाईघाईने दुःख वाढवलं. “बाटल्यांमध्ये काहीतरी कालवलंस, सगळ्यांचे निष्कर्ष बिघडवलेस, म्हणजे उद्या पहिला तूच. वर्गात चढाओढ तुझी नि अक्षदाची आहे, हे काय मला माहीत नाही? ऐक. उद्या मुरबाडचे साहेब आले की मी तुझं नाव त्यांच्या कानावर घालणार. तू प्रॅक्टिकलला बसणार नाहीस.”

प्रॅक्टिकल नाही म्हणजे निकाल नाही, निकाल नाही म्हणजे वर्ष गेलं. प्रणितला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

“सर, एक बोलू का?”

बोलणारी अक्षदा फर्डे होती. शेणव्याजवळच्या पाड्यावरून सायकलने येणारी, वेणी घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. प्रणित बसला नाही तर सगळ्यात मोठा फायदा जिचा, ती.

“बोल. काय बोलायचंय?”

“प्रणित चोर असंल नायतर नसंल, ते मला ठाव नाय. पण सर, तो डाग आयोडीनचा नाय.”

३

कोंडू मामा, म्हणजे लॅबचे परिचर, मागच्या खोलीत डबा उघडून बसले होते. धुणं, उचलणं, मांडणं, फुटलेल्या काचेला शिव्या देणं ही सगळी कामं त्यांच्याकडे असल्याने त्यांचं जेवण नेहमीच उशिरा होई.

“मामा, भाकरीचा तुकडा द्या,” अक्षदा दारातून म्हणाली.

“भूक लागली का गो?”

“नाय. पुरावा पायजे.”

मामांनी तांदळाच्या भाकरीचा चतकोर मोडून दिला आणि विचारलं, “पुराव्याला सुकटीची चटणी लागंल का?”

अक्षदाने तो पुरावा टेबलावर ठेवला. आधी भाकरीवरच आयोडीनचा थेंब सोडला. भाकरी काळीनिळी झाली. मग स्वतःच्या बोटाला आयोडीन लावलं, ओली भाकरी त्यावर घासली. तिचं बोट शाई सांडल्यासारखं झालं.

“आता तुझं,” ती प्रणितला म्हणाली.

“दुखंल काय?”

“भाकरी हाय ती! दुखतंय कशाला?”

तिने दुसरा ओला तुकडा त्याच्या तपकिरी बोटांवर घासला. बोटं तपकिरीच राहिली. पुन्हा घासला. काही नाही. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

“आयोडीन असतं तर निळं झालं असतं, सर. माझं झालं ना?” असं म्हणून तिने ऑक्झॅलिक अॅसिडचं पातळ द्रावण घेतलं आणि एक थेंब त्या बोटावर सोडला. डाग फिकट झाला, मग अंधुक झाला, मग उरलाच नाही. तिने लगेच त्याचा हात नळाखाली धरला.

“परमँगनेट,” सर आपोआप बोलून गेले. जांभळ्या परमँगनेटचा बोटावर राहिलेला तपकिरी डाग ऑक्झॅलिकने जातो, हे त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांनी शिकवलेलं असं कुणी बोटावर उतरवून दाखवलं नव्हतं. रागाच्या मधोमध त्यांच्या मनात कुठेतरी कुणीतरी हळूच टाळी वाजवली. सरांनी त्या टाळीला दटावलं.

“म्हणजे हा सुट्टीत थेंबाथेंबाने परमँगनेट सोडत टायट्रेशन करत होता? सांगितलं नसताना? कशाला रे?”

मागून कुणीतरी म्हणालं, “बोल की मर्दा.”

“शेवटचा थेंब बघायला,” तो म्हणाला.

“काय?”

“सर, ब्युरेटमधून जांभळं सोडतो ना... खाली पडलं की गायब. परत सोडलं, परत गायब. एवढं जांभळं जातं कुठं? आणि मग एक थेंब पडतो आणि तो जातच नाय. नुसता गुलाबी होतो, एकदम हलका. तो थेंब मोजून नाय काढता येत, सर, तो आपला आपण येतो. दर टायमाला वाटतं, आज नाय यायचा. आणि येतो.” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “ही पोरं हसतात म्हणून बोललो नाय.”

कुणीही हसलं नाही. विशे सरांना अचानक चष्म्याच्या काचा फारच मळलेल्या दिसल्या आणि भिंतीकडे तोंड करून त्यांना त्या बराच वेळ पुसाव्या लागल्या. त्यांना वाटलं होतं, तो गुलाबी थेंब अख्ख्या तालुक्यात आपल्या एकट्यालाच दिसतो.

पण चष्मा पुसून झाल्यावर गुन्हा होता तिथेच होता. अंड्यात भात होता. आणि प्रणितच्या नळीत का नव्हता, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. प्रणित सुटला असेलही, पण अर्धाच.

“तांदळाची भाकरी,” दिशा हळूच म्हणाली. “नळ्या कोण धुतं?”

सगळ्यांच्या माना मागच्या खोलीकडे वळल्या. कोंडू मामांच्या दोन्ही हातांना पीठ लागलेलं होतं.

४

“आता मला धरा!” कोंडू मामा उभे राहिले. “या लॅबमंदी काच फुटली का कोंडू, ग्यास गेला का कोंडू. आता अंड्यात भात, तरी कोंडूच का? मी नळ्या सकाळी धुतल्यान. डबा आता उघडला. बायकोला इचारा.”

“मामा, बसा. कुणी तुमाला नाय धरत,” अक्षदा म्हणाली. “सर, एक पांढरी फरशी देता?”

लॅबमध्ये थेंब तपासायला चिनी मातीची पांढरी फरशी असते. सरांनी ती स्वतः कपाटातून काढून दिली. वास्तविक शिक्षकाने विद्यार्थिनीच्या हाताखाली काम करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. पण पुढे काय होतं हे बघायची उत्सुकता शिक्षकपणाहून मोठी निघाली.

अक्षदाने नळाच्या पाण्याने फरशी धुतली आणि तशीच निथळत ठेवली. त्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, त्याच्यात आयोडीन. पिवळट तपकिरी.

“पाणी सुटलं,” सर पुटपुटले.

भांड्यात उरलेल्या अंड्याचा थेंब, त्याच्यात आयोडीन. पिवळट तपकिरी.

“अंडं सुटलं. म्हणजे आयोडीनही ठीक आहे, नाहीतर इथेही निळं केलं असतं त्याने.”

“मग बाटल्यांमदी कुणी काय कालवलंच नाय, सर,” अक्षदा म्हणाली. “जे काय हाय, ते नळीत हाय.”

मामांचा चेहरा पुन्हा पडला. अक्षदाने त्यांच्या लाकडी स्टँडवर पालथी घातलेली, अजून आतून ओलसर असलेली एक नळी उचलली. नेहमीच्या सवयीने तिचा हात एप्रनच्या टोकाकडे गेला, ती थांबली, हात मागे घेतला. ओल्याच नळीत तिने पाणी घेतलं.

“नळी पुसली नाहीस,” सरांच्या तोंडून निघून गेलं.

“ऱ्हाऊ दे आज, सर.”

थेंब पडला. पिवळट तपकिरी.

“मामा सुटले,” ती म्हणाली. मामांनी हात जोडले, बहुधा आयोडीनला.

सर आता खुर्चीच्या कडेवर बसले होते. गेल्या वर्षीच, अकरावीच्या पहिल्या तासाला, त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: जे तपासायचं ते आणि जे तपासायचं नाही तेही, दोन्ही तपासा. याला कोरी चाचणी म्हणतात, असं सांगून त्यांनी ते पुसून टाकलं होतं आणि नंतर स्वतःच विसरले होते. फळ्यावरून पुसलेलं ते वाक्य या पोरीच्या डोक्यात मात्र जसंच्या तसं राहिलं होतं. घातपात ओरडण्याआधी एक थेंब फरशीवर टाकायला काय लागलं असतं आपल्याला?

“म्हणजे,” ते म्हणाले, “स्टँडवर नळी निर्दोष. टेबलावर गुन्हेगार. मधल्या वाटेत काहीतरी घडतंय.”

“हो, सर.”

“मधल्या वाटेत काय आहे?”

अक्षदाने वर्गाकडे पाहिलं, कडक पांढऱ्या एप्रनांच्या रांगेकडे.

“आमीच, सर,” ती म्हणाली. “आमी सगळे. एक प्रणित सोडून. आणि सर, रागवू नका... तुमी पण.”

५

“मी?” विशे सर उभे राहिले. एप्रन कडकडला.

“तुमच्या एप्रनवर एक थेंब टाकू?”

पुढे काय होणार ते सरांना त्या क्षणी कळलं. ज्याला कळतं त्याला पळायची सोय असते. लॅबचं दार उघडंच होतं. पण सरांनी छाती पुढे काढली, हात मागे बांधले आणि म्हणाले, “टाक.”

अक्षदाने ड्रॉपर धरला. सरांच्या खिशाच्या वर, बरोबर जिथे लोक बिल्ला लावतात तिथे, आयोडीनचा थेंब पडला. कापडावर तो पसरला, गडद झाला आणि त्याचं एक झकास निळंकाळं फूल उमललं.

मग तिने प्रणितच्या सुळसुळीत बाहीवर एक थेंब टाकला. तो पिवळाच राहिला आणि घरंगळून गेला.

“प्रणित पण नळी पुसतो, सर, तुमी शिकवलंय तशीच. पण त्याच्या एप्रनला कायच लावलेलं नाय. आमच्या एप्रनना लावलंय. ते टोक आमी नळीत घालतो, पेन्सिलीनं दाबतो. तिथं लागतं ते.”

“पण काय लावलंय?” दिशाने विचारलं.

एप्रन धुऊन आणणाऱ्या सकुबाईंना बोलवावं लागलं. लहान वर्गांची खिचडी रांधणाऱ्या सकुबाई हात पदराला पुसत लॅबच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत यायला त्यांना अॅसिडची भीती वाटे.

“सकुबाई, एप्रनांना काय लावलंत?”

“पेज. दुसरं काय लावणार?”

“भाताची?”

“मंग कसली? चांगली दाट, नव्या तांदळाची. आमच्याकडं धोतर, टोपी, लग्नातला फेटा, सगल्याला पेजच लावतान. तुमीच बोल्लाव ना सर, मुरबाडचं साहेब यायचं हायेत, उभं राहातील असं कडक पायजेत? उभं ऱ्हायलं का नाय?”

“राहिलं,” सर म्हणाले.

“मंग झालं तर.” आणि खिचडी लागेल म्हणून त्या निघून गेल्या.

अंड्यात भात कुणी कालवला याचं उत्तर आता लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. एप्रन कडक करायचा हुकूम ज्याचा, नळी आतून एप्रनने पुसायचा नियम ज्याचा, आणि गुन्हेगार म्हणून भलत्याचीच मान धरली ज्याने, तो एकच माणूस छातीवर निळं फूल घेऊन टेबलापाशी उभा होता. पोरं एकमेकांकडे बघत होती. हसायचं की नाही, हे कुणी ठरवत नव्हतं.

शेवटी सरच हसले. आधी नाकातून, मग पोटातून, एप्रन वाजेपर्यंत.

“नळी खोटं बोलली नव्हती,” ते डोळे पुसत म्हणाले. “भात होता, भात म्हणाली. मीच ऐकलं नाही.”

मग ते अक्षदाकडे वळले. काहीतरी मोठं बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण निघालं ते एवढंच, “तुला तर पहिला नंबर आयता मिळत होता. कशाला खटाटोप केलास?”

“आयता कशाला, सर?” अक्षदा ड्रॉपर धुता धुता म्हणाली. “तो बसलाच नाय तर मी कुणाच्या पुढं आले म्हणायचं?”

“हॅ! येशील तेव्हा बघू,” प्रणित म्हणाला.

सरांना वाटलं, आयुष्यात आपण ब्युरेटमधून एवढं जांभळं ओतलं, तास घेतले, पोरं पास केली, सगळं जिरून गेलं. आणि आज दुपारी, न मोजता, आपला आपण, तो थेंब आला. दोन थेंब. एक शेवटच्या थेंबासाठी सुट्टी घालवणारा आणि एक ड्रॉपर धुणारा. अशी पोरं ज्या लॅबमधून निघतात तिला मुरबाडच्या साहेबांनी गोठा म्हटलं तरी चालेल.

“सगळे एप्रन साध्या पाण्यातून काढा,” त्यांनी जाहीर केलं. “उद्या चुरगळलेले घाला. साहेबांना पोती म्हणायचं असेल तर म्हणू देत. आणि नळी आजपासून पुसायची नाही. विसळायची, पालथी घालायची. ओला पाहुणा बसू दे पंगतीला.”

मग त्यांनी प्रणितच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. सगळा वर्ग उभा राहिला, कोंडू मामाही दारात आले.

“प्रणित,” सर म्हणाले, आणि यावेळी आवाज त्यांना वाढवावा लागला नाही. “मी सगळ्यांसमोर तुला चोर ठरवलं. आता सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी. उद्या तू या लॅबमध्ये ताठ मानेने उभा राहशील, आणि साहेबांना मी स्वतः सांगेन, की शेवटचा थेंब कसा बघावा ते या मुलाकडून शिका. या कमळाकर विशेकडून तुला काय हवंय ते माग. संकोच करू नकोस. काहीही माग!”

प्रणितने बराच विचार केला.

“सर,” तो म्हणाला, “उद्या मला खिडकीजवळचं टेबल नको. वाऱ्यानं स्पिरिटचा दिवा विझतो तिथं.”